आमच्या गायकवृंदाची पूर्वपीठिका

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं स्मरणिकेच्या चालकांनीं गायकवृंदाविषयीं चार शब्द लिहिण्याचें काम आमच्यावर सोंपविलें आहे. देवळाची इमारत, वेदी, घंटा, प्रतिमा यांचा इतिहास सांगणें त्या मानानें सोपें असतें. कारण त्या वस्तु डोळ्यांपुढें उभ्या असतात आणि त्यांच्या पावत्याही दप्तरीं सांपडतात. गाणें मात्र गातां गातांच हवेंत विरून जातें. त्याची पावती कोणापाशींच नसते. तें ज्याच्या मुखीं राहिलें त्याच्यापाशीं काय तें शिल्लक उरतें. म्हणून गायनाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तें कोणाच्या मुखीं राहिलें आणि कोणाच्या मुखीं राहिलें नाहीं, याचाच शोध घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखांत आम्हीं तेवढेंच योजिलें आहे.

हा शोध घ्यावा असें वाटण्यास एक लहानसें कारण घडलें, तें प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठीं आमच्या तरुण गायकांनीं तीन महिने खपून चार स्वरांतील गीतें बसविलीं. दिवसभर नोकरी करून, गर्दीच्या गाडींतून लोंबकळत परत येऊन, रात्रीं नऊ वाजतां हीं मुलें तालमीस बसत. गाणें उत्तम झालें. आम्हांस सेमिनरीच्या दिवसांपासून अशा गायनाची गोडी. आम्हींच त्यांस उत्तेजन दिलें होतें, आणि त्या रात्रीं आम्ही मनांतल्या मनांत बरेच फुशारलों होतों. मिस्सा आटोपल्यावर दाराशीं उभे असतां एक वृद्ध आजी जवळ आल्या. त्यांनीं आमचा हात धरला आणि म्हणाल्या, “फादर, पोरांनीं गाणीं लय गोड म्हटलीं. पण आमाला म्हणायला कायच ठेवलं नाय.”

आजींच्या बोलण्यांत राग नव्हता. म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. पुढील कित्येक रविवारीं वेदीवरून मंडळीकडे पाहतांना आमच्या ध्यानीं आलें कीं लोकांचे ओठ खरोखरच मिटलेले आहेत. गायकवृंद जसजसा सुधारला तसतशी मंडळी गप्प झाली होती. यांत चूक कोणाची, आणि पूर्वींच्या लोकांनीं या अडचणींतून वाट कशी काढली, हें पाहण्यासाठीं आम्ही जुन्या इतिहासाकडे वळलों.

दिव्याच्या स्थानकावर जो नित्य उभा राहतो त्यास ठाऊक आहे कीं येथें मुख्य मार्गास दोन फांटे फुटतात. एक फांटा भिवंडीवरून वसईस जातो. दुसरा पनवेलवरून कोंकणाकडे वळतो, आणि रोह्यापुढें १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून तो गोवें व मंगळूर या प्रांतांशीं जोडला गेला आहे. मुख्य मार्ग एका अंगास पारसिकचा डोंगर मागें टाकून ठाणें व मुंबईस पोंचतो. दुसऱ्या अंगास कल्याणवरून घांट चढून देशावर जातो. आमची मंडळीही याच चार दिशांनीं येऊन येथें वसली. आणि येतांना प्रत्येकानें ट्रंकेंत कपडे आणले तसें मुखांत गाणें आणलें. आमच्या गायकवृंदाचीं मूळें पाहावयाचीं तर याच चार वाटांनीं गेलें पाहिजे.

प्रथम कोंकण-गोव्याची वाट घेऊं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत चर्चच्या जोडीनें गांवोगांव शाळा चालत. त्यांत मुलांस प्रार्थनेबरोबर स्वरलिपि, गायन व व्हायोलिन शिकविलें जाई. शिकविणाऱ्यास ‘मेस्त’ म्हणत. ऑर्गन वाजविणारा, गायकवृंद चालविणारा, मिस्सेचीं व अंत्यविधीचीं लॅटिन गीतें पाठ करून घेणारा असा तो गांवचा संगीतगुरु असे. पुढें मुंबईच्या बॅण्डांत, नाटकगृहांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे जे शेंकडों वादक नांवारूपास आले, त्यांचें पहिलें शिक्षण बहुधा अशाच एखाद्या मेस्ताच्या छडीखालीं झालेलें होतें.

या मेस्तानें शिकविलेल्या स्वरांचा जन्मही देवळांतच झाला आहे. अकराव्या शतकांत इटलींत ग्वीदो नांवाचा एक संन्यासी होता. गायक मुलांस नवी चाल शिकण्यास फार दिवस लागतात असें पाहून त्यानें एक युक्ति काढली. संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ मागल्या ओळीपेक्षां एकेक स्वर वर चढून सुरू होते. त्या ओळींचीं आद्याक्षरें घेऊन त्यानें स्वरांस नांवें दिलीं. पुढें पहिलें अक्षर बदलून त्यांचें ‘दो, रे, मी’ झालें. आमच्या ‘सा, रे, ग’चा वंश वेगळा, परंतु हेतु एकच: ज्यास चाल ऐकून येत नाहीं त्यालाही ती शिकतां यावी. ठाण्यास मासुंदा तलावाजवळचें जुनें देऊळ याच संत योहानाच्या नांवाचें आहे. आमच्यापैकीं अनेकांचे बाप्तिस्मे व विवाह तेथें झाले असतील. परंतु स्वरांचीं नांवें याच संताच्या स्तोत्रांतून आलीं, हें फारच थोड्यांस ठाऊक असावें.

गोव्याच्या या लॅटिन गायनाच्या शेजारीं आणखी एक गायन चालू झालें, आणि तें मराठी होतें. टॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज येशुसंघीय धर्मगुरु २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत याच देशांत राहिले. त्यांचा बहुतेक काळ साष्टी प्रांतांत गेला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस पूर्वीं पुराणें ऐकण्याची संवय होती, आणि ती तुटल्यामुळें त्यांच्या जिवास चैन पडत नव्हतें. फादर स्टीफन्सांनीं त्यांस दटावलें नाहीं. त्यांनीं मराठी भाषा शिकून घेतली, तिच्या गोडव्यावर स्वतःच लुब्ध झाले, आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी कथा सुमारें अकरा हजार ओव्यांत रचिली. हेंच ‘ख्रिस्तपुराण’. तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ज्ञानेश्वरांनीं आणि एकनाथांनीं जो छंद घरोघर नेला, तोच ओवीछंद त्यांनीं निवडला. कारण तो ऐकणाऱ्याच्या कानांत आधींच बसलेला होता.

पुढें काय झालें तें आमच्या विषयास फार उपकारक आहे. ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ या सालीं पुनः छापलें गेलें. परंतु २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज व्हाइसरॉयानें फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. देशी भाषेंतील ग्रंथांस उतरती कळा लागली. त्या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकाही आवृत्तीची प्रत आज कोणाच्या हातीं लागलेली नाहीं. तरी ख्रिस्तपुराण मेलें नाहीं. लोकांनीं तें हातानें उतरून घेतलें होतें, आणि गाऊन टिकविलें होतें. गोव्यांतून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. अशाच प्रतींवरून जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास तें पुनः छापून काढलें. आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यांत तें देवनागरींत आणलें. छापखान्याचा कागद गेला, राजाचें फर्मानही गेलें, आणि लोकांच्या मुखांतील ओवी राहिली. आजींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस येथेंच मिळालें.

आतां वसईची वाट. १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. या दोनशें वर्षांत वसईच्या कोटांत मठ आणि देवळें उभीं राहिलीं, व त्यांतून लॅटिन उपासना चालली. कोट पडल्यावर पोर्तुगीज धर्मगुरु बहुतेक निघून गेले. कोटांतील देवळें ओस पडलीं. आज तेथें जाणाऱ्यास उंच भिंती दिसतात, परंतु त्या भिंतींतून घुमणारें गायन कसें होतें तें सांगणारा कोणी नाहीं. उलट, त्याच काळापासून वसईच्या वाड्यांतून व साष्टीच्या गांवठाणांतून लग्नाच्या आदल्या दिवशीं उंबराचें पाणी आणतांना बायका जीं मराठी गाणीं म्हणत आल्या, तीं अद्याप ऐकूं येतात. घुमट घुमतो, एक बाई पहिली ओळ उचलते आणि बाकीच्या तिच्यामागें तिला साथ देतात. या बायकांना कोणी गायकवृंद म्हटलें नाहीं, त्यांस कोणी बाकांवर वेगळें बसविलें नाहीं. परंतु वसई पडून पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी यांचें गाणें पडलें नाहीं.

याच वसईनें अलीकडच्या काळांत मराठी उपासनेस पुनः मोठा आधार दिला. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि तेथें मराठी ही देवळाची रोजची भाषा राहिली. तेथीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं सिद्ध केलेल्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला; आणि २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांनीं भूषविलें. २५ जुलै २०२४ रोजीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. मराठी कॅथोलिकाची भाषा ही मराठीच आहे, तिची लाज बाळगण्याचें कारण नाहीं, हें त्यांनीं आयुष्यभर सांगितलें. आमच्या मंडळींतील जे कोणी मराठी गीत लागतांच मान खालीं घालतात, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

तिसरी वाट घांटावरची. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, हें मराठी ख्रिस्ती गायनाचें दुसरें माहेर होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ सालीं जन्मले, १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ सालीं ते निवर्तले. ते आमच्या संप्रदायाचे नव्हते. परंतु मराठी ख्रिस्ती मनुष्य कोणत्याही संप्रदायाचा असो, त्यांचा ऋणी आहे. विलायती चालींवर बेतलेलीं भाषांतरित गीतें गातांना मराठी मनुष्याची जीभ अडखळते, हें त्यांनीं ओळखलें. शब्दाचा आघात एकीकडे आणि सुराचा आघात दुसरीकडे, असें त्या गीतांत होई. टिळकांनीं अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या वाटेनें शेंकडों गीतें लिहिलीं. त्यांच्या आधीं कृष्णराव सांगळे यांनींही याच दिशेनें पाऊल टाकलें होतें. त्या सर्वांचा साठा पुढें ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत एकत्र आला, आणि आज तें पुस्तक महाराष्ट्रांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरोघर आहे.

भजनाची रचनाच अशी कीं तेथें ऐकणारा कोणी उरत नाहीं. पुढें बसलेला एक चरण म्हणतो, सर्व मंडळी तो परत म्हणतात. ज्यास वाचतां येत नाहीं तोही दुसऱ्या खेपेस गाऊं लागतो. टाळ हातीं असला कीं ताल चुकत नाहीं. वसईच्या बायकांचें गाणें आणि देशावरचें भजन हीं दोन्हीं एकाच तत्त्वावर उभीं आहेत, हें येथें दिसून येतें.

चौथी वाट मुंबईची. आणि आमच्या तरुण गायकांस जिची ओढ आहे ती हीच. त्या ओढीस आम्ही दोष देत नाहीं. तिचें मूळ काय, तें मात्र समजून घेतलें पाहिजे.

युरोपांत चार स्वरांचें गायन देवळांतच वाढलें. स्त्रियांचा वा मुलांचा उंच आवाज सोप्रानो, त्याखालचा आल्तो. पुरुषांचा उंच आवाज टेनर आणि खर्जांतला बास. हे चार आवाज चार निरनिराळ्या चालींनीं एकाच वेळीं चालतात आणि तरीही एकमेकांत मिसळतात. सोळाव्या शतकांत पालेस्त्रिना यानें या गायनास जी शुद्धता आणिली ती आजही आदर्श मानली जाते. पुढें हें पवित्र गायन देवळाबाहेरही पडलें. १७९१ सालीं बर्लिन शहरांत ‘झिंगअकाडेमी’ नांवाची मंडळी स्थापन झाली. तींत पगारी गायक नव्हते. शहरांतील सामान्य स्त्रीपुरुष कामधंदा सांभाळून आठवड्यास एकत्र जमत आणि जुनीं पवित्र गीतें गात. याच मंडळीकडून १८२९ सालीं वीस वर्षांच्या मेंडेल्सझोन यानें बाख याचें मत्तयकृत शुभवर्तमानावरील दुःखसहनाचें संगीत पुनः गाऊन घेतलें, आणि लोक विसरत चाललेल्या त्या रचनेचा नव्यानें उदय झाला. नगरगायनमंडळी म्हणून आज जगभर ज्या संस्था आहेत त्यांची रीत अशी आहे.

मुंबईस ही रीत रुजविणाऱ्यांत व्हिक्टर परंज्योती यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. त्यांनीं १९५६ सालीं स्थापिलेला गायकवृंद आज ‘परंज्योती अकॅडमी कोरस’ या नांवानें ओळखला जातो. १९६७ सालीं परंज्योती निवर्तले. तेव्हां त्याची धुरा कूमी वाडिया या पारशी बाईंनीं उचलली आणि पुढें अनेक दशकें वाहिली. गायकवृंदाचें संचालन हें पुरुषाचेंच काम असें जेव्हां सर्वत्र मानलें जात होतें, त्या काळांत आपल्या देशांतील एक स्त्री हातांत छडी घेऊन उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. या वृंदाचे गायक हौशी. कोणी शिक्षक, कोणी कचेरींत काम करणारे, कोणी विद्यार्थी. त्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक. ते परदेशांतही जाऊन गाऊन आले.

या वृंदाच्या गीतभांडाराची व्याप्ति पाहण्याजोगी आहे. एका टोकास युरोपांतील पुनरुज्जीवनकाळचें पवित्र बहुस्वर गायन, मध्यें नंतरच्या शतकांतील मोठमोठ्या रचना, अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गुलामांच्या दुःखांतून जन्मलेलीं भक्तिगीतें, आणि दुसऱ्या टोकास भारतीय लोकगीतांच्या चार स्वरांत बांधलेल्या रचना. स्वतः परंज्योती यांची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही भारतीय वळणाची रचना आज परदेशांतील गायकवृंदही गातात. म्हणजे मुंबईच्या एका गायनमंडळीनें बाहेरून घेतलें तसें बाहेरच्यांस दिलेंही. आमच्या मुलांनीं केवळ घेण्यावरच समाधान मानूं नये, असा बोध आम्ही यांतून घेतों.

अशा मंडळीकडून शिकण्यासारखें दुसरें पुष्कळ आहे. पहिली गोष्ट नियमितपणाची. एवढीं वर्षें वृंद टिकतो तो उत्तम आवाजांच्या जोरावर टिकत नाहीं. आवाज येतात आणि जातात. ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या वेळीं तालीम होते म्हणून तो टिकतो. दुसरी गोष्ट स्वतःचा आवाज आवरण्याची. चार स्वरांच्या गायनांत ज्याचा आवाज वेगळा ऐकूं येतो तो चुकला असें समजतात. ख्रिस्ती सद्गुणांचें याहून चांगलें शिक्षण आम्हांस माहीत नाहीं. तिसरी गोष्ट, गुरूच्या मागें शिष्य तयार ठेवण्याची. परंज्योतींच्या मृत्यूनें वृंद मोडला नाहीं. कारण धुरा उचलणारें माणूस वृंदांतच घडत होतें.

परंतु एक भेद विसरतां कामा नये. सभागृहांत श्रोते तिकीट काढून ऐकावयास येतात. मौन पाळणें हा तेथें त्यांचा धर्म आहे. देवळांत मंडळी ऐकावयास येत नाहीं. ती उपासना करावयास येते. देवळांत श्रोता एकच, आणि तो वेदीवर आहे. हा भेद आमच्या ध्यानांतून निसटला, आणि आजींनीं तो आम्हांस परत दाखवून दिला.

पवित्र मंडळीनेंही या प्रश्नावर दीर्घ काळ विचार केला आहे. १९०३ सालीं, संत सिसिलियेच्या सणादिवशीं, म्हणजे २२ नोव्हेंबर रोजीं, पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीतावर एक आज्ञापत्र काढलें. त्या काळीं युरोपांतील देवळांतून नाटकी ढंगाचें गायन माजलें होतें. तें दूर करून ग्रेगोरियन गायन पुनः लोकांच्या मुखीं यावें, असें त्यांनीं सांगितलें. त्याच पत्रांत, देवळांतील गायक हा उपासनेचा अधिकारी आहे म्हणून त्या जागीं स्त्रियांस घेऊं नये, उंच स्वरांसाठीं मुलगे घ्यावे, असाही नियम होता. हा नियम पुढें सैल झाला. १९५५ सालीं पोप बारावे पायस यांनीं स्त्रियांसही गायकवृंदांत गाण्याची मोकळीक दिली. आज आमच्या वृंदांतील मुली पुढें उभ्या राहून गातात, तेव्हां हा अधिकार त्यांस किती उशिरां मिळाला आहे याची त्यांनीं आठवण ठेवावी, आणि पुरुष गायकांनीं तर अधिकच ठेवावी.

यानंतर दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा लेख प्रसिद्ध केला. त्यांत लोकभाषेस उपासनेंत वाट मोकळी झाली. ग्रेगोरियन गायनाचा मान राखावा, गायकवृंदांचें परिश्रमपूर्वक संवर्धन करावें, असें त्यांत सांगितलें. परंतु गायिलेल्या प्रत्येक उपासनेंत सर्व भाविकांस आपला वांटा उचलतां आला पाहिजे, ही काळजी वाहण्याचें ओझेंही धर्माध्यक्षांवर ठेवलें. ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिला योग्य स्थान द्यावें, असेंही त्यांत आहे. दुसऱ्याच वर्षीं, १९६४ सालीं, मुंबईस आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरली आणि पोप सहावे पॉल स्वतः आले. त्या पिढींत फादर गेओर्ग प्रॉक्श या जर्मन धर्मगुरूंनीं अंधेरीच्या ज्ञान आश्रमांत राहून भारतीय रागांत हिंदी भक्तिगीतें बांधलीं. तंबोरा व तबला देवळांत शोभतील काय, असा वाद तेव्हां अनेक घरीं झाला; आज त्या वाद्यांवांचून आमचें देऊळ सुनें वाटतें.

येणेंप्रमाणें चारही वाटा हिंडून आम्ही पुनः दिव्यास येतों. पाहिलें तें असें: ख्रिस्तपुराणाची ओवी, वसईच्या लग्नांतलें गाणें आणि नगरचें भजन हें सर्व टिकलें, कारण लोकांनीं तें आपलें म्हणून मुखीं धरलें. मुंबईची गायनमंडळी टिकली, कारण तिच्यांतील प्रत्येकजण गाणारा होता आणि शिस्त पाळणारा होता. आम्हांस या दोहोंची गरज आहे. शिस्तीवांचून गोंगाट होतो. लोकांवांचून तमाशा होतो.

म्हणून गायकवृंदाशीं बसून, त्यांचें म्हणणें ऐकून, आम्हीं कांहीं गोष्टी ठरविल्या. प्रथम त्यांस थोडें वाईट वाटलें, हें आम्ही लपवीत नाहीं. एका मुलानें विचारलें, “फादर, मग एवढी मेहनत आम्ही कशाला केली?” प्रश्न रास्त होता. आम्हीं सांगितलें कीं मेहनत वाया जाणार नाहीं. तिची जागा बदलेल. प्रवेशगीत, स्तोत्राचें ध्रुवपद, ‘पवित्र, पवित्र’ आणि समाप्तिगीत हीं सर्व मंडळीचीं. तीं मराठींत, सोप्या सुरांत, फार उंच न चढणारीं असावीं. बायकांस व वृद्धांस दम पुरला पाहिजे. त्यांत वृंदानें आपले चार स्वर घालावे, परंतु मुख्य चाल बुडूं देऊं नये. अर्पणाच्या वेळीं किंवा ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या शांत वेळीं एखादें गीत वृंदानें एकट्यानें गावें. तेथें पालेस्त्रिना असो, कोंकणी असो, इंग्रजी असो, आमची हरकत नाहीं. मिस्सा सुरू होण्यापूर्वीं पांच मिनिटें वृंदप्रमुखानें पुढें येऊन नवें गीत सर्वांकडून म्हणवून घ्यावें.

पहिले कांहीं रविवार हा प्रयोग फसल्यासारखा वाटला. लोक पुस्तकांत डोकें घालून उभे राहत. मग वृंदांतील चार जण वृंदाची जागा सोडून मंडळीच्या बाकांमध्यें पांगून उभे राहूं लागले, आणि त्यांच्या आसपासच्या बाकांवरून आवाज उठूं लागला. जो मुलगा आम्हांस प्रश्न विचारीत होता तोच शेवटच्या बाकांपाशीं, उशिरां येणाऱ्या पुरुषमंडळींत, जाऊन उभा राहिला. त्याचा बास उत्तम आहे. आतां तो वेगळा ऐकूं येत नाहीं, कारण त्याच्याभोंवतीं दहा-पंधरा जण गातात.

वाचकांपाशीं आमची एकच याचना आहे. आपल्या घरीं जुन्या वह्या असतील. आईनें, आजीनें, मामानें हातानें उतरलेलीं गीतें त्यांत असतील. कोणाच्या वहींत वसईचें, कोणाच्या वहींत सांवंतवाडीचें, कोणाच्या वहींत नगरचें गीत असेल. त्या रद्दींत जाऊं देऊं नका. वृंदाकडे आणून द्या. आम्ही त्या उतरून घेऊन परत करूं. ज्यांच्या घरीं वही नाहीं, परंतु म्हातारें माणूस आहे, त्यांनीं त्या माणसापाशीं बसून चाल शिकून घ्यावी. चाल वहींत उतरत नाहीं. ती माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते.

त्या आजी या ज्युबिलीपर्यंत राहिल्या नाहींत. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेंत त्यांचेंच आवडतें मराठी गीत सर्व देवळानें म्हटलें; वृंदाचे चार स्वर त्यांत होते, पण ते शोधून काढावे लागत होते. ज्या मंडळीस आपल्या मृतांसाठीं एका आवाजानें गातां येतें, ती मंडळी जगते असें आम्ही समजतों. पुढील ज्युबिलीच्या वेळीं येथें दुसरे धर्मगुरु असतील, दुसरे गायक असतील. परंतु देवळाच्या शेवटच्या बाकावरूनही गाणें ऐकूं यावें, एवढी कृपा प्रभु येशु ख्रिस्तानें आपल्या पवित्र मातेच्या मध्यस्थीनें या मंडळीवर करावी, अशी त्याच्या चरणीं प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतों.